यात्रेचा हिशेब आडवा नको, उभा मांडा

प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा संपली की अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या लहान दुकानदाराच्या घरी दोन कामे निघतात. उरलेला माल पुन्हा पेट्यांत भरणे, आणि पुढच्या साली किती माल आणायचा याचा अंदाज बांधणे. पहिले काम घरच्यांच्या मदतीने एका रात्रीत उरकते. दुसरे ‘पुढे बघू’ म्हणून राहून जाते. महादेवाच्या दर्शनाला आलेला भाविक आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यावर जियारतीला आलेला माणूस, दोघेही परतताना पोरांसाठी खेळणे आणि घरच्यांसाठी बांगड्या घेतात. या मोजक्या दिवसांच्या गिऱ्हाइकीवर आपल्यातल्या कित्येक बांगडीवाल्यांचे, खेळणीवाल्यांचे, अत्तर-टोपीवाल्यांचे पुढचे सुस्त महिने निघतात. म्हणून इथे अंदाज चुकला तर तो महागात पडतो.

माझ्या ओळखीतले एक चाचा बरीच वर्षे या यात्रेत बांगड्या आणि कटलरीचे दुकान लावतात. २०२५ च्या यात्रेआधी त्यांची तब्येत बरी नव्हती, म्हणून माल भरायचे काम पुतण्याने अंगावर घेतले. पोरगा हुशार, एमएस-सीआयटी केलेला. चाचांच्या वह्यांवरून त्याने तीन वर्षांचा तक्ता कॉम्प्युटरवर तयार केला. डावीकडे खाली-खाली २०२२, २०२३, २०२४ ही साले आणि वर आडवे बारा महिने. प्रत्येक चौकटीत त्या महिन्याची विक्री. खाली बेरीज, उजवीकडे बेरीज, मथळ्याला रंग. दिसायला तक्ता इतका देखणा की कुणीही मान डोलवावी. मग त्याने यात्रेचा महिना म्हणून फेब्रुवारीचा रकाना निवडला आणि आलेख काढला. रेघ २०२३ ला वर चढली होती आणि २०२४ ला थेट खाली आदळली होती. ‘यात्रा आता पूर्वीसारखी राहिली नाही,’ असे म्हणून पोराने नागपूरहून माल निम्माच आणला.

शिवरात्रीच्या दिवशी दुपारपर्यंत दुकानाच्या दोऱ्या रिकाम्या लोंबत होत्या. बाया येत होत्या, माप विचारत होत्या आणि पुढच्या दुकानाकडे वळत होत्या. रात्री पोराने सारे सांगितल्यावर चाचांनी पलंगावरून एवढेच विचारले, ‘बेटा, २०२४ ची शिवरात्र मार्चात नव्हती का?’

होती. २०२२ ची महाशिवरात्र १ मार्चला, २०२३ ची १८ फेब्रुवारीला, २०२४ ची ८ मार्चला आणि २०२५ ची २६ फेब्रुवारीला. म्हणजे २०२४ मध्ये यात्रा घसरली नव्हती, ती शेजारच्या रकान्यात जाऊन बसली होती. आलेख काढणाऱ्याने ज्या रकान्याकडे पाहिले तिथे ती नव्हतीच. पोराची बेरीज एका पैशाने चुकलेली नव्हती. मांडणी चुकली होती.

या मांडणीविषयीच मला आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी चार शब्द बोलायचे आहेत. हल्ली प्रत्येक घरात एखादा मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर शिकलेली असते आणि दुकानाचा हिशेब तिच्या हाती जातो. चांगलीच गोष्ट आहे. पण शिकवताना त्यांना आडवा तक्ता शिकवलेला असतो: महिने आडवे, साले उभी. कागदावर छापून भिंतीला लावायला तो उत्तम. वर्षानुवर्षांचा कल पाहायला मात्र तो कुचकामी, आणि कधीकधी धोकादायक. कारण त्यात तारीख हा आकडा राहत नाही, ती मथळा होऊन बसते. मथळ्याला कॉम्प्युटर निव्वळ नाव समजतो. ‘फेब्रुवारी’ आणि ‘मार्च’ ही त्याच्या लेखी ‘बांगडी’ आणि ‘कंगवा’ यांच्यासारखी दोन नावे. त्या दोन नावांच्या मध्ये शिवरात्र इकडून तिकडे सरकली हे त्याला कळावे तरी कसे?

उलट आपल्या जुन्या पेढ्यांवरची कीर्द आठवा. कीर्द उभी असते. एक व्यवहार, एक ओळ. आधी तारीख, मग कुणाचे नाव, मग माल, मग रक्कम. नवा दिवस आला की नवी ओळ खाली. वर नवा रकाना कुणी वाढवत नसे. कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून ताळेबंद. ज्याला जशी बेरीज हवी तशी त्याने मागून करून घ्यावी, पण मूळ नोंद कीर्दीतच. बँकेचे पासबुकही असेच उभे असते. मोबाइलवरून आलेल्या पैशांची यादीही तशीच. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅडली विकहॅम या संख्याशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये नीटनेटक्या माहितीवर एक निबंध लिहिला. प्रत्येक नोंदीला एक ओळ आणि प्रत्येक गुणाला एक रकाना, हा त्याचा गाभा. जगभरचे आकडेवारीवाले तो निबंध आजही वाचतात. आमच्या चाचांना तो वाचून दाखवला असता तर ते म्हणाले असते, ही तर मुनीमजींची कीर्द!

आता आपल्या धंद्याची खास अडचण पाहा. आपल्या दुकानावर एकाच वेळी तीन घड्याळे चालतात. एक सूर्याचे. गादी-रजई भरणाऱ्या पिंजारी भावाचे काम थंडीवर, गणवेश शिवणाऱ्या दर्जीचे काम शाळा उघडण्यावर, आणि आपल्या जिल्ह्यात धान विकून हाती पैसा कधी येतो यावर सगळ्यांचेच. हे घड्याळ इंग्रजी महिन्यांशी बरेचसे जुळते. दुसरे घड्याळ तिथीचे. शिवरात्र, दिवाळी, लग्नाचे मुहूर्त. ही मागेपुढे होतात, पण अधिक महिना येऊन पुन्हा जागेवर बसतात. तिसरे घड्याळ चंद्राचे, हिजरीचे. त्यात अधिक महिना नाही. वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून रमजान दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सारे ऋतू फिरून येतो. आडव्या तक्त्याच्या बारा रकान्यांना फक्त पहिले घड्याळ कळते. आपला निम्मा धंदा बाकीच्या दोन घड्याळांवर चालतो आणि आलेख मात्र आपण पहिल्यावरच काढतो.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. शेतसारा चांद्र वर्षाने वसूल करता येत नाही, म्हणून अकबराच्या काळात उत्तरेत फसली सन आला. मराठी दप्तरांतला शुहूर सन तर मोठा मजेदार आहे: आकडे अरबी शब्दांत, पण वर्ष सुरू व्हायचे सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. पेरणीची तारीख एका गणनेने आणि सणाची दुसऱ्या गणनेने, असे दोन हिशेब माणसे बिनबोभाट सांभाळत. इतिहासकारांनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट इथे आठवते. हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे एक कागद आला, त्यावर मुदत म्हणून नुसते ‘शाबान’ लिहिले होते. कोणता शाबान, या सालचा की येणाऱ्या सालचा, असा प्रश्न पडला. अशाच अडचणींतून हिजरी सनाची गणना ठरली असे सांगतात. नुसत्या महिन्याच्या नावावर हिशेब चालत नाही ही तक्रार इतकी जुनी आहे.

शिवरात्रीपेक्षा ईदचा घोळ मोठा. आपल्याकडे २०२३ मध्ये रमजान ईद २२ एप्रिलला झाली, २०२४ मध्ये ११ एप्रिलला, २०२५ मध्ये ३१ मार्चला. कापड, चप्पल, शेवया, सुका मेवा, अत्तर विकणाऱ्याचा आडवा तक्ता काढून बघा. मार्चचा रकाना २०२५ ला उसळलेला दिसेल आणि एप्रिलचा रकाना भुईसपाट. या दोन्हींचा धंद्याच्या बरकतीशी काही संबंध नाही. सगळी खरेदी ११ दिवस अलीकडे आली, एवढेच.

याहून वाईट म्हणजे आर्थिक वर्ष. ते १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. वरच्या तारखा पुन्हा वाचा. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात ११ एप्रिल २०२४ ची ईदही बसली आणि अगदी शेवटच्या दिवशी ३१ मार्च २०२५ चीही. एका वर्षात दोन रमजान ईद! याआधी असे १९९२-९३ मध्ये झाले होते. २०२५-२६ च्या वाट्याला मार्च २०२६ मधली एकच. म्हणजे ज्याने फक्त वर्षाच्या बेरजा एकाखाली एक मांडल्या, त्याला २०२४-२५ मध्ये धंदा फुगलेला दिसणार आणि पुढच्या वर्षी बसलेला. त्या फुगलेल्या बेरजेवर कुणी मुद्रा कर्ज वाढवून घेतले असेल, दुसरा गाळा भाड्याने घेतला असेल, तर पुढच्या वर्षी हप्ता भरताना त्याने स्वतःच्या नशिबाला बोल लावू नये. ताळेबंदात खोटे काहीच नव्हते. कर सल्लागाराचाही दोष नाही. सरकारला वर्ष तसेच हवे असते. पण सरकारला द्यायचा हिशेब निराळा आणि आपल्याला शहाणे करणारा हिशेब निराळा, हा फरक आपण विसरलो आहोत. आणि ‘रमजान’ नावाचा एकच रकाना करून भागेल असे ज्यांना वाटते त्यांनी २०३० चे काय करायचे ते ठरवून ठेवावे. त्या इंग्रजी वर्षात रमजान जानेवारीत सुरू होईल आणि दुसरा रमजान डिसेंबर संपता संपता. एका सालाला एक चौकट, मग दुसरा रमजान लिहायचा कुठे? उभ्या कीर्दीला हा प्रश्नच पडत नाही. ओळी खाली वाढत जातात.

आता आडवा तक्ता उभा कसा करायचा ते. आपल्या जिल्ह्यात सर्वांना पाठ असलेले आकडे घेऊ, खरीप धानाचे हमीभाव, क्विंटलला रुपये. आडवा तक्ता असा असतो:

धान | २०२३-२४ | २०२४-२५ | २०२५-२६
साधारण | २१८३ | २३०० | २३६९
अ दर्जा | २२०३ | २३२० | २३८९

तोच उभा केला की असा:

धान | वर्ष | भाव
साधारण | २०२३-२४ | २१८३
साधारण | २०२४-२५ | २३००
साधारण | २०२५-२६ | २३६९
अ दर्जा | २०२३-२४ | २२०३
अ दर्जा | २०२४-२५ | २३२०
अ दर्जा | २०२५-२६ | २३८९

दोन ओळींच्या सहा ओळी झाल्या. डोळ्याला नकोसे वाटते खरे. पण आता ‘वर्ष’ हा स्वतंत्र रकाना झाला. त्याच्यापुढे आणखी रकाना जोडता येतो, त्यावरून गाळणी लावता येते, आलेखाच्या तळरेघेवर तो घेता येतो. हे हाताने नकलून करायची गरज नाही. एक्सेलच्या २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत सोय आहे. तक्त्यात क्लिक करून ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेबल’ निवडावे. वेगळी खिडकी उघडते. त्यात जो रकाना जसाच्या तसा राहायचा आहे, इथे ‘धान’, त्याच्या मथळ्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ म्हणावे. बाकीचे सारे रकाने क्षणात ओळी होतात. तयार झालेल्या दोन रकान्यांना ‘वर्ष’ आणि ‘भाव’ अशी नावे देऊन ‘क्लोज अँड लोड’ दाबले की नव्या पानावर उभा तक्ता. पुढच्या साली मूळ तक्त्यात एक रकाना वाढवून ‘रिफ्रेश’ दाबले तर त्याच्याही ओळी आपोआप येतात.

त्याआधी तक्ता मात्र साफ करून घ्यावा. बेरजेची ओळ आणि बेरजेचा रकाना काढून टाका, नाहीतर बेरीजही एक विक्री समजून मोजली जाईल आणि धंदा दुप्पट-तिप्पट दिसेल. जोडून मोठ्या केलेल्या चौकटी सुट्या करा. एके ठिकाणी ‘बांगडी’ आणि दुसरीकडे ‘बांगड्या’ लिहिले असेल तर कॉम्प्युटर दोन वेगळे माल धरतो. आणि तारीख तारखेसारखीच लिहा. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर बसवलेला असेल तर ८/३/२०२४ म्हणजे तो ३ ऑगस्ट समजतो, आणि प्रतापगडची यात्रा भर पावसाळ्यात जाऊन पडते! असा आलेख मी डोळ्यांनी पाहिला आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की एक बटण दाबले की काम झाले. तसे नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. चाचांच्या पुतण्याने आपला तक्ता हाच उपाय करून उभा केला असता तरी त्याला यात्रा सापडली नसती. छत्तीस चौकटींच्या छत्तीस ओळी झाल्या असत्या आणि प्रत्येक ओळीत पुन्हा महिन्याचीच बेरीज. १ मार्च २०२२ ची यात्रा फेब्रुवारीच्या शेवटच्या आणि मार्चच्या पहिल्या दिवसांत वाटली गेलेली. त्यातला यात्रेचा पैसा कोणता आणि घरच्या दुकानाचा कोणता, हे बेरीज झाल्यावर कुणीही सांगू शकत नाही. दळलेल्या पिठातून दाणे वेगळे काढण्यासारखे ते आहे. मांडणी बदलून झाकलेले दिसते. पुसलेले परत येत नाही. म्हणून मूळ नोंदच दिवसाची पाहिजे, आणि पहिल्यापासून उभी पाहिजे.

फार रकाने नकोत. तारीख, ठिकाण, माल, नग, रक्कम, रोख की उधार. ठिकाणात ‘दुकान’, ‘आठवडी बाजार’, ‘प्रतापगड’ असे लिहावे. यात्रेच्या गर्दीत प्रत्येक बांगडीची नोंद करा असे मी म्हणणार नाही. तसे सांगणाऱ्याने कधी यात्रेत दुकान लावलेले नसते. सकाळी मालाची मोजणी, रात्री उरलेल्याची मोजणी, फरक म्हणजे विक्री. दिवसाला पाच-सहा ओळी. गल्ल्याशी ताळा घेतला की झाले. मोबाइलवर आलेले पैसे आपोआप नोंदले जातात म्हणून त्या यादीवरच विसंबू नका, यात्रेत सुट्या नोटांचा व्यवहार मोठा असतो.

एकदा तारखेची ओळ हाती आली की तिन्ही घड्याळे तिला जोडता येतात. वेगळ्या पानावर दोन याद्या ठेवाव्यात: कोणत्या साली शिवरात्र कधी, कोणत्या हिजरी सनात ईद कधी. मग कीर्दीत एक रकाना वाढवायचा, ‘ईदला किती दिवस’. ईदच्या तारखेतून विक्रीची तारीख वजा केली की आकडा येतो. ११ एप्रिल २०२४ च्या ईदसाठी १ एप्रिलची विक्री म्हणजे १०. ३१ मार्च २०२५ च्या ईदसाठी २१ मार्चची विक्री तीही १०. आता आलेखाच्या तळाशी महिने मांडायचेच नाहीत. तिथे ३० पासून ० पर्यंत दिवस मांडायचे, आणि १४४४, १४४५, १४४६ या प्रत्येक हिजरी सनाची एक रेघ काढायची. तिन्ही रेघा एकमेकींवर येतात आणि जे कधी दिसत नव्हते ते दिसते: गर्दी दहाव्या दिवसापासून सुरू होते की शेवटच्या पाच दिवसांत, आणि ती सुरुवात दर साली अलीकडे येते आहे की पलीकडे जाते आहे. दर्जी भावांनी तर हा आलेख जरूर काढावा. कपडा कधी आला आणि कधी दिला या दोन तारखा लिहिल्या की नव्या शिलाईला ‘आता नाही’ कधी म्हणायचे याचा दिवस ठरवता येतो. ईदच्या आदल्या रात्री गिऱ्हाइकाच्या शिव्या खाण्यापेक्षा ते बरे. यात्रेसाठीही हीच रीत: तळाशी ‘शिवरात्रीपासून दिवस’, उणे तीन, उणे दोन, उणे एक, शून्य, एक, दोन.

पिंजारी भावांना यातले काही लागत नाही. थंडी मार्गशीर्षात येवो की रजबमध्ये, त्यांना डिसेंबर तो डिसेंबर. त्यांनी तारखेवरून साधा आलेख काढावा.

आणखी एक खोट सांगून ठेवतो. २०२० ची रमजान ईद २५ मे रोजी आली, टाळेबंदीत. २०२१ ची १४ मे रोजी आली तेव्हाही राज्यात कडक निर्बंध होते. दुकान बंद असेल त्या दिवसांची विक्री शून्य लिहायची की चौकट रिकामी सोडायची? दोन्हींचा अर्थ वेगळा. शून्य म्हणजे दुकान उघडे होते आणि कुणी आले नाही. रिकामे म्हणजे दुकानच नव्हते. एक्सेल शून्याची रेघ खाली नेतो आणि रिकाम्या जागी सहसा खंड सोडतो. आणि वर सांगितलेल्या पद्धतीने तक्ता उभा करताना रिकाम्या चौकटींच्या ओळी तो गाळूनच टाकतो. म्हणून बंद दिवसांची वेगळी ओळ लिहून तिथे ‘बंद’ असा शेरा मारावा. पाच-दहा वर्षांनी आलेख पाहणाऱ्या मुलाला २०२० चा खड्डा कशाचा हे आपोआप कळणार नाही.

नगांचा रकाना का, तेही धानावरूनच कळेल. एखाद्याने २०२३-२४ मध्ये साधारण धान शंभर क्विंटल दिले, पैसे आले २,१८,३००. २०२५-२६ मध्येही शंभरच दिले, आले २,३६,९००. रुपयांची रेघ १८,६०० ने वर गेली, पण शेत तेवढेच आणि पीकही तेवढेच. आपल्या दुकानात हेच होते. बांगडीच्या डझनाचा भाव वाढला की गल्ला वाढलेला दिसतो आणि गिऱ्हाईक कमी होत चालले आहे हे त्यात लपून जाते. दोन आलेख काढा, एक रुपयांचा आणि एक नगांचा. त्यांची तोंडे वेगळ्या दिशांना असतील तर त्या दिवशी दुकान जरा लवकर बंद करून विचार करा.

आडव्या तक्त्याशी माझे वैर नाही. बँकेला महिनावार विक्री हवी असते, द्यावी. उभ्या कीर्दीवरून ‘पिव्हट टेबल’ने तसा तक्ता मिनिटभरात निघतो, पाहिजे त्या महिन्यांचा, पाहिजे त्या मालाचा. उलटा प्रवास किती अवघड आहे ते वर आलेच. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी रकाने आखलेली वही आणि शाळेत मिळणारा आलेखाचा कागद घ्यावा. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेघा काढून पुस्तकात छापल्या, तेव्हा त्याच्याकडेही कागद आणि लेखणीच होती.

चाचांनी आता वही उभी आखली आहे आणि पुतण्या ती कॉम्प्युटरवर चढवतो. २०२५ च्या यात्रेच्या ओळी भरताना दोघांचा थोडा वाद झाला. विक्रीचा आकडा लहान होता, कारण माल दुपारीच संपला होता. आलेखात हा आकडा गेला की पुन्हा ‘यात्रा पडली’ असेच दिसणार, हे या वेळी पोराच्याच ध्यानात आले. त्यावर चाचांनी शेवटी एक रकाना वाढवला, ‘शेरा’, आणि शिवरात्रीच्या ओळीत लिहिले: दोन-सहा मापाच्या हिरव्या बांगड्या दुपारी दोनला संपल्या, बाया परत गेल्या. पोरगा म्हणाला, चाचा, या रकान्याचा आलेख निघत नाही, काढून टाकू? चाचा म्हणाले, राहू दे. माल भरायला जाशील तेव्हा आधी हाच वाच.